आँटींचा धक्का

ज्या दोन मोठ्या देशांमुळे हे सगळं घडलं, त्यांची नावं मी घेणार नाही. एका देशात माझा सख्खा भाऊ राहतो आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात आहे, तेव्हा मला व्हिसा लागणार. दुसऱ्या देशातून माझ्या घरातली मिक्सरपासून नाइटलॅम्पपर्यंत प्रत्येक वस्तू आलेली आहे. त्यांना दुखवलं आणि उद्या मिक्सर बिघडला तर? बेटाचंही नाव सांगत नाही. सांगून फारसा उपयोग नाही, नकाशावर ते माशी बसून गेल्यासारखं दिसतं.

मी धक्क्यांची इंजिनिअर आहे. म्हणजे जहाज येऊन जिथे लागतं, तो धक्का. मूळची पुण्याची. "गावाला समुद्र नाही आणि सूनबाई निघाल्या बंदरं बांधायला," असं माझे सासरे येईल-जाईल त्याला सांगायचे. लग्नानंतर आम्ही न्यूझीलंडला आलो, हेन्डरसनला घर घेतलं आणि मला ऑकलंड सिटीतल्या एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. धक्का कसा बांधावा हे लोकांना सांगायचं, एवढंच आमच्या कंपनीचं काम. बांधायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

पॅसिफिकमधल्या छोट्या देशांना न्यूझीलंड मदत करतं. मदत म्हणजे अभ्यास. वादळाने छप्पर उडालं की आम्ही छपराचा अभ्यास करतो. या बेटाचा धक्का एका चक्रीवादळात मोडला, तेव्हा एका कंपनीने अभ्यास करून धक्का मोडला आहे असा निष्कर्ष काढला. पुढे न्यूझीलंडमध्ये सरकार बदललं. नव्या सरकारला स्वतःचा निष्कर्ष हवा होता, म्हणून ते काम आमच्याकडे आलं. मी बेटावर गेले, पाण्यात उतरून खांब तपासले आणि धक्का मोडला आहे असं कळवलं. आमच्या अहवालात रंगीत चित्रं जास्त होती.

त्या बेटावर जाईपर्यंत आंतरराष्ट्रीय राजकारण मला फक्त बातम्यांतून ठाऊक होतं. तिथे ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. विमानतळावरून येताना डावीकडे दुसऱ्या मोठ्या देशाने बांधून दिलेलं बंदिस्त क्रीडागृह. अख्खा देश आत बसला तरी मागच्या रांगा रिकाम्या राहतील एवढं. आतला एसी लावला की बेटावरची वीज जायची, म्हणून एसी बंद आणि दारं उघडी ठेवून तिथे लोक मासेमारीची जाळी वाळत घालत. उजवीकडे, खाडीत, पहिल्या मोठ्या देशाने दिलेली गस्तीची बोट. करडी, रुबाबदार, नाक वर करून बघणारी. एका फेरीला ती इतकं डिझेल प्यायची की सरकारने तिला कायमची बांधून ठेवली होती आणि शाळा सुटली की पोरं तिच्यावरून सूर मारायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. इथे व्याही दोन होते आणि घोडीही दोन. आमच्या न्यूझीलंडची भेट म्हणाल तर कापडी पिशव्या. सक्षमीकरणाच्या कार्यशाळेत वाटलेल्या. बेटावरचा एकूण एक माणूस त्या पिशवीतून मासे आणायचा, तेव्हा आमची मदत लोकांपर्यंत पोचली नाही असं कोणी म्हणू नये.

ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या मोडक्या धक्क्यावर. पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, अंगावर मोठ्या फुलांचा झगा, आणि बार्जवरच्या माणसांना ओरडून सूचना देणं चाललेलं. धक्का मोडल्यापासून जहाज बाहेर खोल पाण्यात थांबायचं आणि पीठ, तांदूळ, गॅसचे सिलिंडर हे सगळं बार्ज नावाच्या सपाट होडीवर उतरवून आणावं लागायचं. समुद्र खवळलेला असला की जहाज तसंच पुढे जायचं आणि बेटाचं पीठ इतर देश बघून यायचं. मला वाटलं, या बाई बंदरावरच्या मुकादम असाव्यात.

"मी बांधकाम मंत्री," त्या म्हणाल्या. "वाहतूक, मासेमारी आणि परराष्ट्र खातंही माझ्याकडेच आहे. टेबल एकच, त्यामुळे बैठका लवकर संपतात."

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच जमा झालंय. मी त्यांना मॅडम म्हटलं, तर त्यांनी हातानेच माशी वारावी तसं ते वारलं. "सगळा देश मला आँटी म्हणतो. तू काय वेगळी आहेस?"

मंत्री होण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. धक्क्याच्या टोकाशी उभं राहून त्यांनी मला एक जागा दाखवली. तिथे बार्ज आणि जहाज यांच्यामध्ये एका हमालाचा पाय सापडला होता. तो त्यांचा विद्यार्थी. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हे सांगताना आँटींचा आवाज अजिबात बदलला नाही. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं होतं आणि ते बराच वेळ सोडलं नाही. "तुझ्या अहवालात हे येईल का?" त्यांनी विचारलं. मी येईल म्हटलं. आलंही, 'मनुष्यबळविषयक जोखमी' या मथळ्याखाली, कारण आमच्या साहेबांना पाय हा शब्द अहवालात शोभत नाही असं वाटलं.

काही महिन्यांनी आँटी ऑकलंडला आल्या. कारणं दोन होती. सरकारी कारण म्हणजे धक्क्याच्या मदतीची बोलणी. आणि खरं कारण म्हणजे हेन्डरसनला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीचा साठावा वाढदिवस. आमचे साहेब मला म्हणाले, "तू त्यांना ओळखतेस, तूच सांभाळ. टौरंगाचं बंदर दाखवून आण." मी विचारलं, टौरंगाला काय दाखवू? तिथली एकेक क्रेन त्यांच्या संसदेपेक्षा उंच आहे. "स्वीट ॲज," साहेब म्हणाले. म्हणजे 'झकास'. हे त्यांचं सगळ्या प्रश्नांना उत्तर असतं.

मी सकाळी हॉटेलवर गाडी घेऊन गेले, तर आँटींबरोबर वेलिंग्टनहून खास आलेला परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी उभा. तरुण, विनम्र, आणि दर दुसऱ्या वाक्यात 'पॅसिफिक कुटुंब' म्हणणारा. तो "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून मागे बसला, आँटी माझ्या शेजारी. निघता निघता त्या थांबल्या, खोलीत गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या.

"काही विसरलात का?" मी विचारलं.

"नाही गं, फोन ठेवून आले. दोन्ही मोठ्या देशांनी मला एकेक नवा फोन भेट दिलाय. दोघे काळजीने सारखी चौकशी करतात, फोन नीट चालतो ना, जवळच ठेवता ना. मी ते दोन्ही हॉटेलच्या फ्रीजमध्ये शेजारी शेजारी ठेवलेत. एकमेकांचं ऐकत बसतील."

मागचा अधिकारी खिडकीबाहेर बघू लागला. त्याच्याही बॅगेत आँटींसाठी न्यूझीलंडची भेट होती हे मला पुढे कळलं. टॅबलेट. तो त्याने त्या दिवशी बाहेर काढला नाही.

मी ओल्या नारळाच्या वड्या करून नेल्या होत्या. आँटींनी एक खाल्ली, डबा मांडीवर घेतला आणि त्यानंतर तो मागच्या सीटवर गेलाच नाही. अधिकाऱ्याने मात्र ऑकलंडबाहेरच्या बॉम्बे हिल्स ओलांडेपर्यंत धीर धरला आणि मग विषय काढला.

"कुटुंब म्हणून आम्हाला इतकंच वाटतं," तो म्हणाला, "की मदत कोणाकडून घ्यायची याचा तुम्ही जपून विचार करावा. निर्णय अर्थातच तुमचा. आम्ही त्याचा संपूर्ण आदर करतो."

"थँक यू," आँटी म्हणाल्या.

"फक्त तो काय असणार आहे हे आम्हाला आधी कळलं तर आदर करायला सोपं जाईल."

मी आरशात त्याच्याकडे बघितलं. तो अगदी मनापासून बोलत होता. आमच्याकडे लग्नात मुलीचे मामा असतात तसा. मुलगी शिकलेली आहे, तिच्या मनाप्रमाणे होऊ दे, पण मुलगा मी सांगतो तोच.

टौरंगाला बंदराच्या एका माणसाने आम्हाला पिवळी जाकिटं घालून फिरवलं. किवीफळाचा हंगाम होता. शीतगृहाच्या कंटेनरांच्या भिंतीच्या भिंती उभ्या होत्या आणि एक अवाढव्य जहाज त्या एकेक करून गिळत होतं. आँटी मान वर करून बघत राहिल्या. मला वाटलं क्रेन बघतायत. त्या जहाजाचं नाव वाचत होत्या.

"हे कुठे चाललंय?"

बंदराच्या माणसाने दुसऱ्या मोठ्या देशाचं नाव घेतलं. "आमचं ढीगभर फळ तिकडेच जातं. दूध, लाकूड, मांस सगळंच. ते घेतात म्हणून आम्ही आहोत."

"अच्छा. आणि तुमचं आरमार सराव कोणाबरोबर करतं?"

त्या माणसाने अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्याने, जरा घसा साफ करून, पहिल्या मोठ्या देशाचं नाव घेतलं.

"म्हणजे तुम्ही यांना विकता आणि त्यांच्याबरोबर कवायत करता."

"ते... संतुलित धोरण आहे," अधिकारी म्हणाला.

"आणि तेच आम्ही केलं की?"

"तुमच्या बाबतीत ती चिंतेची बाब ठरते."

हे उत्तर त्याच्या तोंडून फार लवकर निघून गेलं आणि निघाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला. आँटींनी त्याच्या पाठीवर थोपटलं, मुख्याध्यापिका प्रामाणिक विद्यार्थ्याला थोपटते तसं, आणि मला म्हणाल्या, "चल, जेवू या. मला भूक लागली की मी सार्वभौम नसते."

परतीच्या वाटेवर अधिकारी झोपला. तेव्हा आँटींनी मला खरी अडचण सांगितली. पहिला मोठा देश धक्का बांधून द्यायला तयार होता, पण दुसऱ्याचा एक खिळाही तिथे लागता कामा नये, ही अट. दुसऱ्याचीही हीच अट, फक्त भाषा अधिक गोड. एकाला हो म्हटलं तर दुसरा बेटाच्या दवाखान्यातले डॉक्टर परत बोलावणार, आणि उलट केलं तर पहिला तिथल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या बंद करणार. दोघांनाही एकमेकांचं बोलणं ठाऊक होतं. दोघेही म्हणत होते की आमच्या मदतीला कसलीही अट नाही.

"मग काय करणार?"

"रविवारी बहिणीचा वाढदिवस करणार," आँटी म्हणाल्या. "दोघांनाही त्याचा सुगावा लागलाय. दोघांनीही आडून आडून विचारलं, मी दोघांनाही या म्हटलं. तूही ये. तू कोणाचीच नाहीस, तेव्हा मध्ये बसायला उपयोगी पडशील."

आजवर माझी अनेक प्रकारे स्तुती झाली आहे. अशी कधी नाही.

रविवारी दुपारी मी आणि नवरा हेन्डरसनच्या त्या चर्चच्या हॉलवर पोचलो. आमच्या मुलीने "इट्स युअर वर्क थिंग, आई," म्हणून अंग काढून घेतलं होतं. हॉलमध्ये दोनेकशे माणसं, फुलांचे हार, गिटार, आणि लांबच लांब टेबलांवर अख्ख्या डुकरापासून नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांपर्यंत सगळं. आम्ही शाकाहारी. ती पानं बघून नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात खारवलेलं मांस आहे हे कळल्यावर वेगळ्या कारणाने आलं.

पहिल्या देशाच्या वकिलातीतले साहेब आधी आले. उंच, आणि खास पॅसिफिकसाठी विकत घेतलेला फुलाफुलांचा शर्ट, ज्याच्या बाहीची घडी अजून मोडली नव्हती. त्यांनी भेट म्हणून भिंतभर टीव्ही आणला होता. मागोमाग दुसऱ्या देशाच्या मॅडम आल्या, चष्मा, रेशमी स्कार्फ आणि बरोबर तीनमजली केक. टीव्ही बघून त्यांचा चेहरा पडला. मग केक कापला जाईल आणि टीव्ही खोक्यातच राहील हे लक्षात आल्यावर सावरला. तोवर साहेबांचा पडला. वेलिंग्टनचा अधिकारी फुलांचा गुच्छ घेऊन दाराशी उभा होता, त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

आँटींनी सांगितल्याप्रमाणे मी मध्ये बसले. डावीकडे साहेब, उजवीकडे मॅडम. दोघेही माझ्याशी अतिशय अगत्याने बोलले, कारण एकमेकांशी बोलायचं नव्हतं. साहेबांनी विचारलं, भारतात हल्ली हवा कशी आहे? मॅडमनी विचारलं, भारतात हल्ली हवा कशी आहे? पुण्याच्या लग्नात विहिणींच्या पंगतीत मी वाढले आहे, तेव्हा मला हे नवं नव्हतं. पहिली पोळी कोणाच्या ताटात पडली यावरून आमच्याकडे दोन घरांनी एक पिढी अबोला धरलेला आहे, आणि त्यांच्याकडे तर विमानवाहू जहाजं नव्हती.

प्रार्थना झाली. ती इतकी लांबली की साहेबांनी दोनदा आमेन म्हणून टाकलं आणि दोन्ही वेळा पाद्री पुढच्या परिच्छेदाला लागले. मग आँटी उठल्या.

"आमच्याकडे अशी रीत आहे," त्या माइकवर म्हणाल्या, "की सगळ्यांत मानाच्या पाहुण्यांनी म्हाताऱ्या माणसांना वाढायचं."

टाळ्या झाल्या. मानाचा पाहुणा मी नव्हे असं म्हणणं कोणत्याच देशाला परवडणारं नव्हतं. साहेब ताडकन उठले, मॅडम त्यांच्याही आधी. दोघांना ॲप्रन बांधले गेले. एकाच्या हातात डुकराच्या मांसाचा ट्रे, दुसऱ्याच्या हातात टारोचा, म्हणजे अळूच्या कंदांचा, आणि एका ताटात दोन्ही वाढायचं असल्यामुळे दोघांना शेजारी शेजारीच चालावं लागलं. आज्यांनी त्यांना भरपूर कामाला लावलं. हे नको, ते दे, अजून थोडं, इतकं नाही रे. एका आजीने साहेबांना परत पाठवून मीठ आणायला लावलं. मॅडमचा ट्रे जड झाला तेव्हा साहेबांनी, कोणी बघत नाहीसं पाहून, त्याचं एक टोक धरलं. मी बघत होते. त्यांनी आपसात काहीतरी म्हटलं आणि मॅडम खरोखर हसल्या.

मी आँटींच्या कानाशी लागले. "ही खरंच तुमच्याकडची रीत आहे?"

"आजपासून आहे," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्यांचं जेवण होतंय तोवर त्या पुन्हा माइकपाशी गेल्या. साहेब आणि मॅडम ॲप्रनमध्येच, घामाघूम, शेजारी शेजारी उभे. आँटींनी आधी बहिणीचं कौतुक केलं. मग आपल्या भाषेत आणि पुन्हा इंग्रजीत म्हणाल्या, आज इथे दोन मोठे मित्र आपल्या आयांना हाताने वाढतायत. हे दोघे मिळून आपला धक्का बांधून देणार आहेत. समुद्रातला भाग एक मित्र, किनाऱ्याकडचा भाग दुसरा मित्र, आणि देखरेखीला आपलं न्यूझीलंडचं कुटुंब. देव त्यांचं भलं करो. मग त्यांनी पाय गेलेल्या त्या हमालाचं नाव घेतलं. तो हॉलमध्येच होता. उपचारासाठी ऑकलंडला आला होता आणि नातेवाइकांकडे राहत होता. तो कुबड्यांवर उठला.

मग सगळा हॉल उभा राहिला आणि गाऊ लागला. दोनेकशे माणसं चार सुरांत गातात तेव्हा छपराचे पत्रे थरथरतात हे मी इंजिनिअर म्हणून सांगते. प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक फोन साहेब आणि मॅडम यांच्याकडे रोखलेला होता. असं काहीही ठरलेलं नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, आँटींना माहीत होतं, मला माहीत होतं. पण एक पाय नसलेला माणूस समोर रडत असताना, अंगावर ॲप्रन बांधून, 'आम्हाला तशा सूचना नाहीत' असं कोणी कसं म्हणणार? साहेब हसले. मॅडम हसल्या. अधिकारी गुच्छ हातात धरून तसाच उभा होता. तो हळूच पुटपुटला, "स्वीट ॲज," आणि खुर्चीत बसला.

गाडीत नवरा म्हणाला, "तुमच्या कामात इतकी मजा असते हे कधी बोलली नाहीस."

मजा आठवडाभर टिकली. मग दोन्ही राजधान्यांतून खुलासे आले. साहेबांची बदली झाली, मॅडमना बढती मिळाली. पुढे कळलं की त्या बढतीचं ठिकाण कोणीच मागून घेत नाही. पण चित्रफिती सगळ्या पॅसिफिकभर फिरल्या होत्या, आणि आधी माघार घेणारा तो खोटा ठरणार होता. म्हणून कोणीच माघार घेतली नाही. पुढची दोन वर्षं दोन्ही देश एकमेकांच्या आधी बांधून दाखवायच्या ईर्षेने बांधत सुटले. एवढ्या वेगाने उभा राहिलेला धक्का मी दुसरा बघितलेला नाही.

फक्त एक झालं. समुद्रातला भाग बांधणाऱ्यांनी सुरक्षेच्या कारणास्तव किनाऱ्याच्या भागाला हात लावला नाही. किनाऱ्याच्या भागवाल्यांनी त्याच कारणास्तव समुद्राच्या भागाला हात लावला नाही. दोन्ही भाग चोख, मजबूत, आपापल्या झेंड्यासह उभे राहिले, आणि दोहोंच्या मध्ये एका ट्रकच्या लांबीएवढी फट राहिली. खाली निळंशार पाणी. न्यूझीलंडकडे देखरेख होती. आम्ही फट आहे असं कळवलं. वेलिंग्टनने ताबडतोब त्या फटीच्या अभ्यासाला मंजुरी दिली.

त्या दरम्यान निवडणूक झाली आणि आँटी हरल्या. विरोधकांनी प्रचार केला की या बाईंनी देश दोघांना विकला. दुसरे काही म्हणत होते की एकालाच नीट विकला असता तर क्रीडागृहासारखं अजून एखादं काही मिळालं असतं. थोड्याशाच मतांनी गेल्या. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते. पाचवीचा वर्ग मंत्रिमंडळापेक्षा बरा आहे, निदान हात वर करून बोलतात." मग म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. खोटं कशाला बोलू." मी विचारलं, फटीचं काय करायचं?

"ती तुमच्याकडे आहे ना? अभ्यासाला?"

माझ्या आयुष्यातला हा एकमेव अभ्यास, जो मी पूर्ण केला नाही. मी थेट आकृती काढली: दोन जाड तुळ्या, वर पोलादी पत्रा, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला, जेणेकरून कोणत्याच देशाच्या मालमत्तेला भोक पाडावं लागू नये. आमच्या कंपनीच्या साहेबांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि पहिल्यांदाच वेगळं उत्तर दिलं. "हे आपण करत नाही." आणि मग म्हणाले, "पाठवून दे." तुळ्या बेटावरच्या लोकांनी एका जुन्या, किनाऱ्याला लागलेल्या जहाजातून कापून काढल्या. वेल्डिंग गस्तीच्या बोटीवरच्या खलाशांनी केलं, त्यांना तसंही काही काम नव्हतं.

पहिलं जहाज लागायचं होतं त्या दिवशी मी तिथे होते. नवे मंत्री भाषण करत होते. दोन्ही मोठ्या देशांचे नवे पाहुणे मांडवात एकमेकांपासून मोजून सारख्या अंतरावर बसले होते आणि दोघांच्याही फलकांवर आपापला भाग म्हणजेच धक्का असं लिहिलेलं होतं. वेलिंग्टनहून तोच अधिकारी आला होता, आता जरा टक्कल पडलेला. त्या पोलादी पत्र्यावर कोणाचाच फलक नव्हता. आँटी मागे, नारळाच्या झाडाखाली, शाळेच्या मुलांबरोबर उभ्या होत्या.

जहाज हळूहळू आलं आणि लागलं. दोर पडले. क्रेनने पिठाच्या पोत्यांची पहिली जाळी ट्रकवर उतरवली आणि ट्रक निघाला. पत्र्याजवळ आल्यावर ड्रायव्हर थांबला. त्याने खाली उतरून पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सगळी गणितं पाठ होती आणि तरी मी ती मनात पुन्हा एकदा मांडली. मी पुढे गेले आणि पत्र्यावर मधोमध उभी राहिले. एका बाईच्या वजनाने काय सिद्ध होतं देव जाणे. मागून जँडल्सचा आवाज आला. आँटी येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आणि त्यांच्यामागे, कुबड्यांऐवजी आता नवा पाय लावलेला तो हमाल.

"बाजूला व्हा आता," ड्रायव्हर ओरडला, "नाहीतर पीठ इथेच मळू."

आम्ही बाजूला झालो. ट्रक पत्र्यावर चढला, पत्रा जोरात वाजला, आणि ट्रक पलीकडे गेला. मांडवातल्या दोन्ही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशासाठी वाजवतोय हे दोघांनाही नक्की ठाऊक नसावं. हमालाने दुसऱ्या ट्रकला हाताने पुढे येण्याची खूण केली.

आँटींनी माझ्या दंडाला धरलं. त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "चल," त्या म्हणाल्या, "घरी पाव करू. कालपर्यंत अख्ख्या गावात पीठ नव्हतं."

दुपारी त्यांच्या घरी आम्ही पाव भाजला. पहिला जरा करपला, कारण आम्ही दोघी खिडकीतून अजून जहाजच बघत होतो.